सुरगाण्याची सुपारी

दादाच्या ओठांना ट्रम्पेट चिकटलं होतं आणि ते सुटत नव्हतं. ट्रम्पेटचं तोंड माईकला टेकलेलं, दादाची मान मागे ताणलेली, कोपरं अंगाशी घट्ट, आणि कळांवर बोटं अशी दाबलेली की नखं पांढरी पडली होती. सूर कसलाच निघत नव्हता. स्पीकरमधून नुसती घुरघुर येत होती. समोर बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे. दादा तशा गमती करायचाच, गाण्याच्या मध्येच पुतळ्यासारखा थांबायचा आणि मग एकदम सूर सोडायचा. मलाही आधी तेच वाटलं. मग त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. ओल्या जमिनीवर त्याचे अनवाणी पाय थरथरत होते. माणूस ठरवून तसे पाय थरथरवू शकत नाही. "दिल्या!" म्हणून नाना ओरडले. नाना म्हणजे आमचे वडील. त्यांनी हातातली क्लॅरिनेट खाली टाकली, धावत जाऊन दादाला मागून कवळा घातला, आणि मग तेही सुटले नाहीत.

मी तिथून चार हातांवर उभी होते. माझ्या पायात रबरी चपला होत्या. मी काहीही केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याकडून पुढे काही अपेक्षा ठेवायला नको.

आमचं घर जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या बोळात होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत वाद्यं राहायची आणि मागच्या खोलीत आम्ही. नानांचा लग्नाचा बँड होता, लाल कोट, सोनेरी पट्टे, खांद्यावर झालर. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पाचवीची शाळा लांब होती आणि घरात पितळ घासायला माणूस हवं होतं. चिंच आणि राख घेऊन मी मोरीत बसायचे आणि एकेक बाजा चकचकीत करायचे. हाताला पितळेचा वास लागायचा तो भाकरीलाही लागायचा. पहाटे दादा उठून लांब सूर धरायचा. बोळातली माणसं शिव्या देऊ नयेत म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात आईचं जुनं लुगडं कोंबलेलं असायचं. लुगड्यातून येणारा तो आवाज म्हशीने पाण्यात तोंड घालून हंबरावं तसा होता. मला आजही झोप लागायला तसला काहीतरी आवाज लागतो. सुनेने पंखा लावून दिला आहे, त्याची घरघर ऐकत पडते.

आमच्यात कुणाला सुरांची लिपी येत नव्हती. नाना आकड्यांनी शिकवायचे. ट्रम्पेटला तीन कळा, म्हणून एक, एक-दोन, शून्य, एक-तीन असे आकडे. अख्खं गाणं आकड्यांत पाठ. मी भाकऱ्या थापताना दादाचे आकडे म्हणायचे आणि तो चुकला की चुलीजवळूनच ओरडायचे, "ए, तिथं शून्य हाय!" दादा म्हणायचा, "तू भाकरीचं बघ, ती करपली." बहुतेक वेळा दोघांचंही खरं असायचं.

तूप आमच्याकडे भाकरीवर कधी पडलं नाही. एक छोटी वाटी होती, ती फुंकणाऱ्यांच्या ओठांसाठी. थंडीत ओठ फुटला की बाजा गेला. दादा, नाना आणि सॅक्सोफोन वाजवणारे युसुफचाचा, तिघं निघताना वाटीत बोट बुडवून ओठांना लावायचे. मी एकदा ते तूप भाताला घेतलं तर आईने हातातली उलथणी फेकून मारली. आई तशी मारकुटी नव्हती.

लग्नात आम्हाला मांडवाच्या मागे जेवायला वाढायचे, सगळ्या पंगती उठल्यावर. नानांना त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी ते बोलत नव्हते. दादाला वाटायचं. तो म्हणायचा, "नाना, आपण चालत वाजवतो म्हणून मागं बसवतात. एका जागी उभं राहून वाजवलं, तर लोक समोर बसतील." हे त्याचं साधं गणित होतं. त्यातूनच आमचं सगळं पुढचं निघालं.

शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळात वाजवायला गेला असताना दादाला तिथे जॉन भेटला. जॉनकडे विजेवरची गिटार होती आणि खांद्यापर्यंत केस होते. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आई केस बघून दचकली, पण तिने ताट वाढलं. जॉनने सहा भाकऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली, "तुमच्यात पाव खातात ना रे?" तर तो म्हणाला, "मावशी, पाव खातात, पण पोट हेच असतं." त्या दिवसापासून तो घरातला झाला. नानांनी गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "हिच्यात फुंकायचं कुठनं?" फुंकायचं नाही म्हटल्यावर त्यांनी ती परत दिली. पण दादाने हट्ट सोडला नाही. महिनाभर ते पुढच्या खोलीत झगडत होते. जॉन तारा पिळून गिटारचा सूर लावायचा आणि नाना म्हणायचे, "ते तुझं राहू दे. पितळ घरात मोठं हाय. तू पितळेला लाव." मग जॉन पितळेला लावायचा. हळूहळू ते जमलं. गिटार, ड्रमसेट आणि तीन फुंकणारे. लग्नाच्या बँडचा दणका होता, पण त्याखाली ठेका वेगळाच होता, पायाला बसू न देणारा. दादाने लाल कोट काढून टाकले आणि नाव ठेवलं गोदा बीट. नानांनी कोट पेटीत घडी करून ठेवले आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्यांना वाटत होतं हे फार दिवस टिकायचं नाही.

गायला कुणी नव्हतं म्हणून मी उभी राहिले. नातेवाईक बोलले. एक आत्या तर दारात येऊन म्हणाली, "पोरीला तमाशात घातलीस काय?" आई म्हणाली, "तोंड दिलंय देवाने, तर गाईल. तुझं तोंड तरी कुठं गप बसतंय?" आत्या पाणी न पिता गेली.

आमचं गाजलेलं गाणं सातपूरच्या बसचं. शब्द माझे. कारखान्याची पाळी सुटते, माणसं थांब्यावर उभी असतात आणि बस थांबत नाही, एवढंच त्यात होतं. "सातपूरची बस गं बाई, थांबत नाय, थांबत नाय" असं मी म्हणायचे आणि तिन्ही बाजे एकदम हॉर्न दिल्यासारखे उठायचे. वडाळा नाक्याच्या गणपतीत ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कामगारांनी ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. शेवटी युसुफचाचा म्हणाले, "बेटा, अब बस को डेपो में जाने दे." मग मालेगाव, मनमाड, वणीची जत्रा. लोक खरंच समोर बसायला लागले. जेवायला पुढच्या पंगतीत बसवायला लागले. दादाचं गणित बरोबर निघालं होतं. आता माझा नातू विचारतो, "आजी, तुमचा काही व्हिडिओ नाही का?" नाही. एक कॅसेटसुद्धा नाही.

ती होणार होती. एका माणसाने मालेगावला ऐकून दादाला मुंबईला बोलावलं होतं, चार गाणी भरायला. जायला पाच दिवस राहिले होते. दादा त्या आठवड्यात बोलतसुद्धा कमी होता. ओठ जपत होता. आणि नेमका तेव्हा काशिराम आला. हा सुरगाण्याकडचा माणूस, सातपूरला मशीनवर कामाला. धाकट्या भावाचं लग्न काढलं होतं. त्याने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांची पिशवी आणली, नारळ ठेवला आणि नानांच्या हातात सुपारी दिली. आमच्या धंद्यात सुपारी हातात घेतली की जायचंच, मग काहीही होवो.

"नाना, आत्ता नको," दादा म्हणाला. "ओठाला चार दिवस आराम पायजे."

"घेतलीय सुपारी."

"परत द्या."

"परत द्यायला ती काय उसनी आणलीय?" नाना म्हणाले. काशिराम मध्येच उभा, खाली बघत. शेवटी तो म्हणाला, "दादा, आमच्या वाडीत माईकवरचं गाणं कधी झालंच नाय. एक बसचं तेवढं म्हणा. मग कायबी नका वाजवू." दादा हसला. बसच्या गाण्याचं नाव काढलं की तो हसायचाच. असं ते ठरलं. त्याला मी पुष्कळ वर्षं नानांची चूक म्हणत आले. पण दादाही हसला होता, हे मी सांगायला हवं.

निघायच्या आदल्या दिवशी मोरीत फुटकी बरणी होती, तिची काच माझ्या टाचेत गेली. आईने हळद भरून फडकं बांधलं आणि तिच्या रबरी चपला घालायला दिल्या. आता नानांचा नियम सांगायला हवा. रस्त्याने चालत वाजवताना बूट चालायचे. पण एका जागी उभं राहून वाजवायचं असेल तर फुंकणाऱ्याने पायातलं काढायचं. त्यांचे आजोबा देवळात सनई वाजवायचे, तिथून हे आलं होतं. आपला श्वास जिथे पडतो ती जागा देवाची, असं नाना म्हणायचे. तार वाजवणाऱ्याला आणि ड्रमवाल्याला हा नियम नव्हता, त्यांना नाना पुरते वाद्यवाले धरतच नव्हते. गाणारा मात्र फुंकणाऱ्यांत. म्हणून मीही अनवाणीच गायचे. युसुफचाचा आमच्या देवाचे नव्हते, पण तेसुद्धा सॅक्सोफोन उचलायच्या आधी चपला बाजूला ठेवायचे. म्हणायचे, "मास्टर का घर, मास्टर का कानून."

जीपने गेलो. वणीच्या पुढे रस्ता चढायला लागला तशी गाडीत धूळ यायला लागली. दादा तोंडाला रुमाल बांधून बसला होता. वाडीवर पोचलो तर काशिरामच्या घरच्यांनी अंगण सकाळीच सारवून ठेवलेलं आणि आम्ही आलो म्हणून पुन्हा घागरी ओतून भिजवलेलं. काशिराम मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मास्तर, धूळ उडून तुमच्या नरड्यात जायला नको." नाना खूष झाले. त्यांच्यासाठी कुणी जमीन भिजवली, असं आधी कधी झालं नव्हतं. आम्हाला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, वाफाळता भात. आमटी इतकी चांगली होती की जॉनने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि वाढणारी म्हातारी म्हणाली, "हा पोरगा वाजवायला आलाय का खायला?"

वीज खांबावर आकडा टाकून घेतली होती. तेव्हा सगळीकडे तसंच असायचं. तिथून वायर एका लाकडी बोर्डापर्यंत, आणि बोर्डात आमच्या अ‍ॅम्प्लिफायरची पिन. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या बाजारातला. त्याच्या पिनेचा तिसरा दांडा मोडलेला होता, आमच्याकडे आला तेव्हाच. तो दांडा कशासाठी असतो हे आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. माईक हाताला झिणझिण्या आणायचा. आम्ही त्याला माईक चावतो म्हणायचो आणि त्याला रुमाल गुंडाळायचो. गोदा बीटचा सगळा विजेचा अभ्यास एवढाच. त्या दिवशी जॉनने गिटारच्या तारेला हात लावला आणि झटकला. "नाना, आज लय मुंग्या येतायत."

"मुंग्या नाय रे, पाहुणचार हाय," दादा म्हणाला. सगळे हसले. मीही.

मी चपलांसकट माईकपाशी जायला लागले तर नाना म्हणाले, "सुमे, पायातलं काढ."

"टाचेला काच लागलीय."

"बँडेज हाय ना त्याला?"

"सारवलेल्या शेणात पाय घालू? पिकेल तो."

"नाना, राहू द्या," दादा म्हणाला. "तिच्या वाटचा मी दोनदा अनवाणी उभा राहतो." नानांनी तोंड फिरवलं, म्हणजे परवानगी दिली. ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात सगळी वाडी बसली होती, बाया एका बाजूला, नवरा-नवरी हळदीच्या अंगाने पुढे. पहिली तीन गाणी चांगली झाली. मग बसचं गाणं. मी दोन कडवी म्हटली आणि दादासाठी माईकपासून बाजूला झाले, कारण मध्ये ट्रम्पेटचा एकट्याचा तुकडा होता. दादाने पुढे होऊन माईकवरचा रुमाल काढला आणि माझ्याकडे फेकला. तो नेहमीच काढायचा. म्हणायचा, फडक्यातून पितळ खोकतं. एरवी तो ट्रम्पेटचं तोंड माईकपासून वीतभर लांब धरायचा. त्या दिवशी लांब बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून जवळ नेलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. नानांनी कवळा घातला आणि तेही ताठ झाले. तेव्हा कुठे लोकांच्या टाळ्या थांबल्या. "हात लावू नका!" असं जॉन ओरडला. "बंद करा! बटण कुठंय?" बटण नव्हतंच. आकड्याला बटण नसतं. काशिराम खांबाकडे धावला. आकडा ज्या लांब बांबूने काढायचा, तो बांबू मांडवाला कमी पडला म्हणून सकाळी मांडवात बांधलेला. तो तसाच परत आला आणि मांडव उपटायला लागला. युसुफचाचा अनवाणी, ओल्यात उभे, दोन्ही हात पुढे केलेले आणि जागचं हलता येत नव्हतं. बाया किंचाळत होत्या. मी हातात रुमाल घेऊन उभी होते. वायर माझ्यापासून लांब नव्हती. पण वायर ओढायची असते हे मला सुचलं नाही. डोक्यात बसच्या गाण्याची पुढची ओळ चालू होती, ती थांबतच नव्हती. शेवटी जॉनने बुटाने बोर्डाला लाथ मारली, बोर्ड पलटी झाला, पिन निघाली. दोघं खाली पडले, नाना खाली आणि दादा त्यांच्या अंगावर.

आम्हाला आणलेली जीप नवरदेवाच्या मामाला आणायला गेली होती. दुसरी गाडी वाडीत नव्हती. आम्ही वाट बघितली. एवढंच करता येत होतं. कुणी म्हणालं, मातीत पुरा, करंट उतरतो. कुणी तळव्यांना कांदा चोळला. त्या वाढणाऱ्या म्हातारीने दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिली. कुणालाच काही माहीत नव्हतं आणि प्रत्येक जण काहीतरी करत होता. आता टीव्हीवर दाखवतात, छाती कशी दाबायची. नातसुनेने मला मोबाईलवर दाखवलं, किती वेळा, किती जोराने. मी बघितलं आणि मोबाईल परत दिला.

दादाच्या ओठांवर ट्रम्पेटच्या फुंकायच्या टोकाचा गोल उमटला होता, काळा. त्यावर मी पाणी लावलं. तो श्वास घेत होता का, हे मी तेव्हा नीट बघितलं नाही. बघायची भीती वाटली. नाना घरघर करत होते. नाना दम्याचे, साठीला आलेले, जिना चढताना तीनदा थांबणारे. तिथे जमलेल्या प्रत्येकाला वाटत होतं की म्हातारा जाणार. मलाही. मी मनात तयारीही केली होती, आईला काय सांगायचं त्याची. दादा तेवीस वर्षांचा होता, त्याच्याबद्दल तयारी करायची असते हे माझ्या मनात आलं नाही.

जीप आली. दोघांना मागे आडवं केलं. दादाचे पाय माझ्या मांडीवर, नानांचं डोकं युसुफचाचांच्या. जॉन दाराला लटकून. घाटाच्या वळणावर नानांनी डोळे उघडले आणि विचारलं, "दिल्या कुठं हाय?"

"इथंच हाय," मी म्हणाले.

"त्याला वाऱ्यात ठेवू नको. ओठ फुटतील."

मी पुढे वाकून हातातला रुमाल दादाच्या तोंडावर घातला. पाय गार लागत होते, पण घाटात गारवा होताच. सुरगाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होता. त्याने आधी नानांना आत घ्यायला लावलं. दादाजवळ तो वाकला, रुमाल बाजूला केला, डोळ्याची पापणी वर केली आणि मला विचारलं, "ह्यांच्या घरचं कोण?" मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "बाई, हे वाटेतच संपलेत. कदाचित तिथंच."

मुंबईला कुणी गेलं नाही. त्या माणसाचं एक पत्र आलं, ते कुणी वाचलं नाही. युसुफचाचा दुसऱ्या बँडात गेले आणि लाल कोट घालून लग्नात चालायला लागले. जॉनने गिटार विकली नाही, पण आमच्या दारात पुन्हा आणलीही नाही. काशिराम दर वर्षी नागली घेऊन यायचा, उंबऱ्याच्या बाहेर बसायचा, आई त्याला चहा द्यायची आणि तो पिऊन निघायचा. गोदा बीट साडेतीन वर्षं चालला. लोक मला विचारतात, चूक कुणाची? सुपारी नानांनी घेतली, रुमाल दादाने काढला, पाणी काशिरामने ओतलं, पिनेचा दांडा कुणी मोडला माहीत नाही, आणि मी उभी होते. कुणा एकाच्या गळ्यात घालून मोकळं व्हावं असं मला फार वाटलं, पण तसं ते बसत नाही.

दादा गेला. नाना त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. मी अजून आहे.